हलूनका काका आणि हुदहुदाचं बिऱ्हाड

हुदहुद पक्ष्यांच्या एका जोडप्याने बिऱ्हाड थाटायला एवढं मोठं जग सोडून नेमकी सोसायटीच्या पंपाच्या खोलीची मागची भिंत निवडली, यात काकांचा काहीही दोष नव्हता. त्यानंतर जे जे झालं त्यात मात्र होता, आणि चांगला घसघशीत होता.

काका म्हणजे कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओचे मालक. पासपोर्टचे, ओळखपत्राचे, नोकरीच्या अर्जाला चिकटवायचे फोटो काढणं हा त्यांचा धंदा. सगळी वस्ती त्यांना 'हलूनका काका' म्हणायची, कारण स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाला ते आधी "हलू नका" असं दरडावत आणि मगच कॅमेऱ्याला डोळा लावत. मग म्हणत, "मी तीन म्हटलं की फोटो निघेल." आणि दाबायचे दोनला! तीनला माणूस हमखास डोळे मिटतो, दोनला तो बेसावध असतो, हा काकांचा आयुष्यभराचा शोध. त्या शोधामुळे वस्तीतला एकही अर्ज मिटल्या डोळ्यांसाठी परत आला नव्हता. अपवाद फक्त घरातला. काकूंना ही दोनची मेख लग्नानंतर लगेचच कळली होती, आणि तेव्हापासून त्या बरोब्बर दोनला डोळे मिटत. मुद्दाम नाही हो, आपोआप. घरातल्या एकूण एक फोटोत काकू झोपलेल्या आहेत. लेकीच्या लग्नातसुद्धा वधूची आई उभ्या उभ्या डुलकी काढते आहे असंच पाहणाऱ्याला वाटतं.

तर, सगळ्याची सुरुवात झाली साडूंच्या घरी, चहाच्या टेबलावर.

काकूंच्या धाकट्या बहिणीचे यजमान हे हौशी फोटोग्राफर. हौशी म्हणजे ज्याचा कॅमेरा धंदेवाल्याच्या कॅमेऱ्यापेक्षा महाग असतो तो. साडूंची लेन्स इतकी लांब, की दारातून आधी लेन्स आत यायची आणि बऱ्याच वेळाने साडू. त्या दिवशी त्यांनी भिंतीवर नवा फोटो टांगला होता. पिल्लाच्या चोचीत घास घालणारी पक्षीण. काका मान तिरकी करून म्हणाले, "डावीकडे उजेड जरा जास्त झालाय."

आता हे बोलायची काही गरज होती का? नव्हती. पण धंद्याचा माणूस गप्प कसा बसणार?

साडू हसले. साडूंचं ते हसू फार वाईट. म्हणाले, "साडूभाऊ, तुमचं काम निराळं. तुम्हाला मेलेला चेहरा लागतो. हसायचं नाही, बघायचं नाही, हलायचं नाही. जिवंत फोटो काढायचा म्हणजे... जाऊ द्या, चहा घ्या."

काकांनी काकूंकडे पाहिलं. स्टुडिओत कापाकापीचं काम काकूंकडे. छापून आलेल्या मोठ्या कागदावरचे एकसारखे फोटो कटरवर ठेवायचे आणि खटाखट कापून पाकिटात भरायचे. वस्तीतला प्रत्येक चेहरा त्यांना अंगठ्याएवढा पाठ. एरवी नवऱ्यावर कुणी बोट उगारलं की त्या तलवार उपसायच्या. त्या दिवशी त्या कपातल्या चहाकडे बघत राहिल्या.

परत येताना काका म्हणाले, "तू काहीच बोलली नाहीस."

"काय बोलणार? खोटं बोलले असते तर तुम्हाला लगेच कळलं असतं."

झालं! काकांच्या काळजाला घरं पडली. साडू काय, उद्या दुसरं काहीतरी बोलतील. पण हिला, जिने आपला प्रत्येक फोटो हाताळला, तिलाही आपले फोटो मेलेले वाटतात? काकांनी तिथल्या तिथे, रस्त्यातच, मनाशी ठरवलं. एक फोटो काढायचा. जिवंत. एकच. तो हिच्या हातात ठेवायचा आणि ही काय म्हणते ते ऐकायचं. नाहीतर कॅमेरा विकून टाकायचा आणि झेरॉक्सचं दुकान काढायचं.

आणि योग बघा. त्याच आठवड्यात पंप सुरू करायची पाळी काकांची होती. ते सकाळी पंपाच्या खोलीमागून चालले असता त्यांच्या कानाजवळून काहीतरी फडफडत गेलं. भिंतीतून पूर्वी एक पाइप जायचा. पाइप काढला, भोक तसंच राहिलं होतं. त्या भोकाच्या कडेला तो येऊन चिकटला. विटकरी रंगाचं अंग, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, आणि लांबलचक बाकदार चोच. चोचीत एक गुबगुबीत अळी. त्याने डोक्यावरचा तुरा उघडला.

काका जागच्या जागी थिजले. मिटलेला तुरा डोक्यामागे नुसता काडीसारखा दिसत होता, तो असा उलगडला की प्रत्येक पिसाच्या टोकाला काळा ठिपका, एकाशेजारी एक मांडून ठेवलेला. भोकातून दुसरी तशीच चोच बाहेर आली. याने अळी दिली, तिने घेतली, याने तुरा मिटला आणि गेला. आतून बारीक चिरचिर ऐकू आली. पिल्लं!

टाकी भरून गच्चीवरून पाणी वाहायला लागलं तेव्हा काकांना पंपाची आठवण झाली. तोवर त्या पक्ष्याच्या चार खेपा झाल्या होत्या आणि काकांच्या डोळ्यांत का कोण जाणे, पाणी आलं होतं. आपल्या घरामागे, कचऱ्याच्या डब्यापासून हाकेच्या अंतरावर, असलं काही चाललेलं असतं आणि आपण स्टुलावर बसलेल्यांच्या हनुवट्या सरळ करत बसतो!

पण फोटो काढायचा तर पक्ष्याला माणूस दिसता कामा नये. आडोसा हवा. काकांनी स्टुडिओचा जुना पडदा आणला. पूर्वी लोक त्याच्यासमोर उभे राहून सहकुटुंब फोटो काढून घेत. निळा तलाव, मागे बर्फाचे डोंगर, तलावात दोन हंस. काकांनी तो बांबूंना बांधून भिंतीसमोर तंबू उभारला, एका हंसाच्या पोटाला भोक पाडलं, त्यातून लेन्स बाहेर काढली आणि आत स्टूल टाकून बसले.

ते नीट टेकतात न टेकतात तोच चेअरमन आले. हे गृहस्थ वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. खातं सुटलं, तपासणी सुटली नव्हती.

"हा तलाव कोणाचा?" बाहेरून आवाज आला.

काका बाहेर आले. पक्ष्याचं नाव काढायची सोय नव्हती. भिंतीत भोक आहे हे चेअरमनना कळलं असतं तर त्यांनी संध्याकाळच्या आत ते बुजवलं असतं. बुजवणं हा त्यांचा छंदच. म्हणून काका म्हणाले, "पडद्याला ऊन देतोय. कसर लागलीय."

"ऊन द्यायला आत माणूस कशाला बसावा लागतो?"

"आतून... आतूनही कसर लागते ना."

चेअरमननी तंबूला प्रदक्षिणा घातली. सामाईक जागेत बांधकाम नियमात बसत नव्हतं. पण डोंगर कापडी आहेत, तलाव कोरडा आहे आणि हंस जागेवरून हलत नाहीत हे तपासून त्यांनी तोंडी, तात्पुरती परवानगी दिली. जाता जाता म्हणाले, "हा हंस फाटलाय."

"म्हणूनच ऊन देतोय," काका म्हणाले.

त्या दिवसापासून काकांच्या वनवासाला आरंभ झाला. सकाळी स्टुडिओ उघडायच्या आधी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, आणि पुढे पुढे तर 'लवकरच येतो' अशी पाटी लावून भर धंद्याच्या वेळी काका हंसाच्या पोटात जाऊन बसू लागले. आत उकाडा मरणाचा. त्यात तलाव बघून लोकांना उमाळे यायचे. वॉचमन ड्युटी सोडून पडद्यासमोर उभा राहायचा आणि फोनवर स्वतःचे फोटो काढायचा. एकदा तर समोरच्या इमारतीतलं नवं जोडपं आलं, हंसाशेजारी गालाला गाल लावून उभं राहिलं, आणि हंसाच्या पोटातून "जरा सरका, नुसत्या पाठी दिसताहेत" असा आवाज आल्यावर किंचाळत पळालं.

हे सगळं काकांनी सोसलं असतं. पण फोटोच निघेना! आणि त्याचं कारण सांगायला काकांना फार लाज वाटायची.

पक्षी यायचा. तुरा उघडायचा. काकांचा श्वास रोखला जायचा. बोट बटणावर. आणि तोंडातून पुटपुटल्यासारखं आपोआप निघायचं, "हलू नका... एक... दोन..." दोनला बोट दाबलं जाईपर्यंत अळी पोचती झालेली असायची आणि पक्षी गेलेला. माणसं दोनपर्यंत थांबतात. पक्ष्याला काय माहीत? कॅमेऱ्यात नुसती भोकं जमा झाली. भोक, भोक, शेपटीचं टोक, भोक. काकांनी जीभ दातांखाली धरून पाहिली, तोंडात सुपारी धरून पाहिली. तोंड गप्प बसायचं, पण बोट आतल्या आत मोजायचं. इतक्या वर्षांची सवय, ती काय सुपारीला दाद देणार?

आणि तरीही, खरं सांगायचं तर, काका उठत नव्हते ते काही फोटोसाठीच नव्हे. तो बाप समोरच्या हिरवळीत चोच खुपसत चालायचा, नेमकी जागा गाठायचा, अळी उपटायचा, ती जमिनीवर आपटून मऊ करायचा आणि यायचा. पुन्हा जायचा. पुन्हा यायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. कुणी बघत नाही, कुणी शाबास म्हणत नाही. पुढे पिल्लं मोठी झाली तशी आईही बाहेर पडली आणि दोघांच्या खेपा सुरू झाल्या. प्रत्येक वेळी भोकाशी टेकताना तुरा उघडायचा, अगदी घाईत असला तरी. घरात शिरताना माणसाने टोपी नीट करावी तसा. काका ते बघायचे आणि त्यांना उगाचच फार बरं वाटायचं. घरी काही सांगता येत नव्हतं. काकूंना तो फोटो हातात द्यायचा होता, आधी सांगून सगळी मजा घालवायची नव्हती.

मग एके दिवशी काकांना दुर्बुद्धी सुचली. दोन्ही पक्षी दूर गेलेले पाहून ते भिंतीशी गेले आणि पिल्लं किती मोठी झाली ते बघायला त्यांनी भोकाला डोळा लावला.

हुदहुदाच्या पिल्लांना निसर्गाने एक हत्यार दिलेलं आहे. परका डोळा दिसला की ती पाठ फिरवतात आणि नेम धरून पिचकारी मारतात. काकांचा चष्मा होता म्हणून डोळा वाचला. तो वास! कुजकं, सडकं, नासकं हे सगळे शब्द त्या वासापुढे अत्तरासारखे आहेत. काका घरी आले तेव्हा काकूंनी दार अर्धंच उघडलं.

"कशात पडलात?"

"कशातच नाही."

"चष्मा बाहेर ठेवा. सदरा बाहेर ठेवा. शक्य असेल तर तुम्हीही थोडा वेळ बाहेरच थांबा."

आंघोळ करून काकांनी साडूंना फोन लावला. अभिमान गिळून, कुणा गिऱ्हाइकाला माहिती हवी आहे असं सांगून, विचारलं. साडू म्हणाले, "हुदहुद ना? अहो, त्यांचं घरटं म्हणजे उकिरडा. तो वासच त्यांचं संरक्षण. पिल्लं वाढली की वास वाढतो. का हो, गिऱ्हाइकाला पक्ष्याचा पासपोर्ट काढायचाय का?"

काकांनी फोन ठेवला. वास वाढतो हे साडूंचं बोलणं मात्र खरं ठरलं.

पंपाच्या खोलीला लागूनच, तळमजल्यावर, दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना. खिडकी त्याच बाजूला उघडते. प्रथम पेशंट नाक मुरडायला लागले. प्रत्येकाला वाटायचं, वास डॉक्टरांच्या तोंडाला येतोय. डॉक्टरांना वाटायचं, पेशंटच्या. दोघंही सभ्य असल्यामुळे कुणीच काही बोलेना. डॉक्टर दोन मास्क लावून काम करू लागले, पेशंट श्वास रोखून आ करू लागले. शेवटी एका बाईंनी दात अर्धवट कोरलेला असताना खुर्चीतून उडी मारली आणि त्या परत आल्याच नाहीत. तेव्हा डॉक्टर रडकुंडीला येऊन चेअरमनकडे गेले.

चेअरमन वास घ्यायला आले. डोळे मिटून, सावकाश, वजन केल्यासारखा त्यांनी वास घेतला आणि गंभीरपणे विचारलं, "एवढ्या वासाला परवानगी कुणी दिली?"

सगळी इमारत सल्ले द्यायला खाली उतरली. कुणी म्हणालं ड्रेनेज. कुणी म्हणालं गॅस, काडी ओढू नका. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई म्हणाल्या, तळमजल्यावर कुणीतरी मासे वाळवतंय. तळमजल्यावरच्यांनी विचारलं, कुणीतरी म्हणजे कोण, नाव घ्या. तिथून पुढे वासाचा विषय बराच वेळ निघालाच नाही. काका गर्दीत मागे उभे राहून "काय असेल बुवा?" असं म्हणत होते, आणि म्हणताना आपला आवाज आपल्यालाच खोटा वाटतोय हे त्यांना कळत होतं.

प्लंबर आला. त्याने तळमजल्याचे पाइप खोलले. मग पहिल्या मजल्याचे. खोलायचे तर पाणी बंद. सगळी इमारत बादल्या घेऊन समोरच्या इमारतीत जाऊ लागली आणि शिकवणीच्या बाई व तळमजलेवाले एकाच रांगेत उभे राहू लागले. काकाही दोन बादल्या घेऊन रांगेत. काकू म्हणाल्या, "हे कधी सापडणार हो?" काकांच्या हातातली बादली हिंदकळली. सांगावं का? सांगितलं तर भोक बुजणार. नाही सांगितलं तर ही माणसं बादल्या वाहणार. आत चार का पाच जीव आहेत, अजून त्यांचे पंखसुद्धा नीट भरलेले नाहीत. अजून थोडेच दिवस, काका स्वतःला सांगायचे, उडाली की मी सगळ्यांच्या पाया पडेन. आता फोटोची गोष्ट दुय्यम झाली होती, हे त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

पाइप सगळे स्वच्छ निघाले. वास आपला आहे तिथे. मग चेअरमननी वासाचा माग काढत पंपाच्या खोलीला वळसा घातला आणि त्यांना ते भोक दिसलं. पक्षी तेव्हा नेमके बाहेर होते आणि पिल्लं चिडीचूप.

"उंदीर!" चेअरमन आनंदाने ओरडले. "आत उंदीर मेलाय. गवंड्याला बोलवा. बुजवून टाका, विषय संपला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका हंसाच्या पोटात बसले होते. बोटाला बजावत होते, मोजायचं नाही, मोजायचं नाही. इतक्यात मागून पावलं ऐकू आली. त्यांनी फटीतून पाहिलं. पुढे चेअरमन, मागे घमेल्यात कालवलेलं सिमेंट घेऊन गवंडी, त्यामागे डॉक्टर, शिकवणीच्या बाई, वॉचमन, आणि गंमत बघायला निम्मी इमारत. काकूही होत्या, हातात रिकामी बादली. गवंड्याने थापी काढली.

काका तंबूतून बाहेर आले म्हणणं बरोबर नाही. ते तंबूसकट बाहेर आले. बांबू कोसळले, डोंगर आडवे झाले, गळ्यात कॅमेरा, पायात तलाव अडकलेला अशा अवस्थेत काका धडपडत भिंतीशी पोचले आणि भोकाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"आत काही मेलेलं नाही!" काका ओरडले. "आत जिवंत आहे! सगळं जिवंत आहे!"

गवंड्याने थापी खाली केली.

"काय जिवंत आहे?" चेअरमननी विचारलं.

"हुदहुद. पिल्लं आहेत. वास त्यांचाच आहे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" डॉक्टरांचा आवाज चिरकला. "माझे पेशंट पळाले, मी दिवसातून चारदा दात घासले, घरात बायकोशी लांबून बोललो, आणि तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्यापासून," काका म्हणाले. "चुकलं माझं. मला काय म्हणायचं ते म्हणा. पण हे बुजवू नका."

"कापडाला ऊन देताय म्हणालात!" चेअरमन कडाडले. "खोटं कारण देऊन परवानगी? बाजूला व्हा. गवंडी, लाव."

काका बाजूला झाले नाहीत. त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता, आणि काकूंच्या नजरेला नजर द्यायची छाती होत नव्हती. उभ्या वस्तीसमोर इतकी शोभा त्यांची आजवर झालेली नव्हती.

एवढ्यात गर्दीतून काकूंचा आवाज आला. हळू, पण असा की सगळ्यांना ऐकू गेला.

"अहो. हलू नका."

काका हलले नाहीत. फडफड झाली. आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर काहीतरी येऊन टेकलं.

वजन असं काही नव्हतंच. सदऱ्यातून फक्त चार बारीक नख्या जाणवल्या, आणि कानाला हवा लागली, कुणीतरी वहीच्या पानाने वारा घालावा तशी. तुरा उघडला असणार. काकांनी मान वळवली नाही. कानामागे भोकातून पिल्लांचा एकच कल्ला उठला, एक धीट पिल्लू अर्धं बाहेर आलं असावं, कारण त्याची पिसं काकांच्या मानेला लागली. इतके दिवस ज्यासाठी जीव टाकला ते सगळं त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर चाललं होतं, आणि त्यातलं काही म्हणता काही त्यांना दिसत नव्हतं.

त्यांना दिसत होती माणसं.

डॉक्टरांचा राग जागच्या जागी विरला होता आणि तोंड असं उघडलं होतं की त्यांची स्वतःची अक्कलदाढसुद्धा दिसावी. चेअरमनचं दटावणारं बोट हवेतच राहिलं होतं आणि त्या बोटामागचा चेहरा कुणातरी लहान मुलाचा होता. गवंड्याच्या हातातलं घमेलं कलंडून सिमेंट चेअरमनच्या बुटावर ओघळत होतं आणि ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. शिकवणीच्या बाईंनी शेजारच्या तळमजलेवालीचा दंड घट्ट धरला होता. वॉचमन, काय वाटलं कोण जाणे, टोपी काढून उभा होता. सगळ्यांची तोंडं आ, सगळ्यांच्या माना वर, सगळे काहीतरी मिळण्याची वाट बघत असल्यासारखे. आणि मधोमध काकू. बादली छातीशी धरलेली, डोळे टक्क उघडे. काकांना वाटलं, अरे, हिचे डोळे एवढे मोठे आहेत?

हात आपोआप वर गेला. काकांनी काही म्हटलं नाही. एक नाही, दोन नाही. बोटाने मोजलं नाही.

क्लिक.

खांद्यावरच्या नख्या क्षणभर घट्ट झाल्या, सुटल्या, आणि पट्ट्यापट्ट्यांचे पंख हिरवळीकडे निघून गेले. मग चेअरमननी घसा साफ केला.

"पिल्लं उडेपर्यंत," ते म्हणाले, आणि आवाज बसला म्हणून पुन्हा म्हणाले, "पिल्लं उडेपर्यंत या बाजूला कुणी फिरकायचं नाही. नियम समजा." आणि निघायला लागले तर बूट उचलेना. सिमेंट चांगलं होतं.

डॉक्टरांनी मात्र मनाचा मोठेपणा दाखवला. दवाखान्याची खुर्ची त्यांनी खिडकीकडे वळवून ठेवली. वासाचं काय, नाकाला सवय होते. पण पक्षी आला की पेशंट न सांगता आ करतो आणि डॉक्टरांना निवांत काम करता येतं. पळून गेलेल्या बाईसुद्धा परत आल्या आणि दात झाल्यावर आणखी थोडा वेळ बसू का म्हणून विचारू लागल्या. मग एका सकाळी ती सगळी पिल्लं एकामागून एक भोकातून निघाली आणि समोरच्या भिंतीवर जाऊन बसली, प्रत्येकाने आपला आखूड तुरा उघडून पाहिला, आणि गेली. सगळी इमारत खिडक्यांत उभी होती. कुणी हूं की चूं केलं नाही.

पण तो पुढचा भाग. त्या दिवशी दुपारी काका स्टुडिओत मान खाली घालून बसले होते. कॅमेरा त्यांनी काकूंसमोर सरकवला.

"बघ. सगळी भोकं आहेत. पक्षी एकातही आला नाही. तुला एक जिवंत फोटो काढून द्यायचा होता गं. नाही जमलं. साडू बरोबर बोलले."

काकू एकेक भोक बघत गेल्या. शेवटच्या फोटोवर थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मग आत गेल्या. यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तो फोटो होता, यंत्रातून निघेल तेवढा मोठा छापलेला. सवयीने त्यांनी तो कटरवर ठेवला, पातं उचललं, आणि पुन्हा खाली केलं.

"हा कापायचा नाही," काकू म्हणाल्या.

एवढंच. पण काकांनी ते ऐकलं आणि खिशातला रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

तो फोटो आता स्टुडिओत दारासमोरच्या भिंतीवर आहे. साडू आले तेव्हा लेन्सपाठोपाठ आत शिरले आणि त्याच्यासमोर उभे राहिले. आ वासलेली सगळी इमारत त्यांच्या डोक्यावरून, त्यांच्या पाठीमागे कुठेतरी टक लावून बघत होती. साडूंनी चष्मा वर केला, खाली केला.

"पण साडूभाऊ," ते म्हणाले, "यात पक्षी कुठे आहे?"

आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी मागे वळून पाहिलं.